दहाव्याला, माहुली

पोरगं साताऱ्याहून मशीन घेऊन आलं होतं,
झिरोचं पातं, फुल चार्ज, म्हणाला.
विलासच्या अर्ध्या डोक्यापर्यंत पोचलं
आणि दोनदा गुरगुरून गप्प झालं.
घाटावर प्लग कुठला?
एका कानावर केस, एका कानावर ऊन,
असा माझा भाऊ पायरीवर बसून राहिला
कृष्णेकडे तोंड करून,
जणू तीच काही सांगेल.

याच पायरीवर नानानं चाळीस वर्षं
माणसं सुरू केली आणि आवरती केली.
मामाच्या मांडीवर किंचाळणारं जावळ,
मुंजीचा घेरा, शेंडीपुरतं सोडून,
नवरदेवाची हळदीआधीची दाढी, तुरटीनं चरचरणारी,
आणि मग एका सकाळी तोच नवरदेव
बापाच्या दहाव्याला, मान खाली.
"त्वांड बदलतंय, भोवरा बदलत न्हाय,"
नाना म्हणायचा.
रस्त्यात भेटलेलं माणूस त्याला कधी ओळखू आलं नाही.
टाळू उघडी पडली की मात्र म्हणायचा,
"तू लिंबच्या कदमांचा मधला."

धोकटी मी आणली होती. का, ते विचारू नका.
खुर्ची, आरसा विलासनं विकला;
ही कुणाला नको होती.
आतून तेलकट. पट्टा, वाटी,
झिजून लिमलेटच्या गोळीएवढा झालेला तुरटीचा खडा,
आणि शिंगाच्या मुठीचा पणज्याचा वस्तरा.
त्यानं पणज्यानं मागच्या दारानं जाऊन
बायकाही भादरल्या होत्या,
दहा-बारा वर्षांच्या काही.
घरात हे कुणी मोठ्यानं बोलत नसे.
नाना एवढंच करायचा:
दसऱ्याला हत्यारं पुजताना बाकीच्यांना नुसतं गंध,
त्या एका वस्तऱ्याला हळदीकुंकू,
बाईला लावतात तसं.

पोवई नाक्यावर माझं पार्लर आहे.
नवऱ्या सजवते, दातांत दोरा धरून भुवया कोरते.
वस्तरा कधी धरला नाही,
धरू दिला नाही म्हणा.
पट्टा घाटाच्या कडीला अडकवला
आणि हात आपोआप वरखाली जायला लागला.
मागं बायकांत कुजबुज.
गुरुजींनी घड्याळ पाहिलं, पिंडांकडं पाहिलं,
"ऊन वाढतंय," एवढंच म्हणाले.
त्यालाच मी होकार समजले.

डोकं भिजवलं. केस पायरीवरून पाण्यात गेले,
वेण्णा जिथं कृष्णेत वळते तिथं
जरा फिरले, मग दिसेनासे झाले.
आणि वर, माझ्या हाताखाली,
विलासला दोन भोवरे.

दोन भोवरे, दोन बायका.
सोयरीक जमवताना आईनं हे
कुणाच्या कानावर जाऊ दिलं नसणार.
वहिनी तीन पायऱ्या वर उभी होती,
बघत.
मी ओला अंगठा दुसऱ्या भोवऱ्यावर टेकला
आणि तसाच दाबून धरला.
"कापलं का गं?"
"नाही. हलू नको."

नारळ, टॉवेल, अकरा रुपये.
घेतले मी.
नाना कुणाचं फुकट करायचा नाही,
फुकटानं धार जाते म्हणायचा.
कावळा लगेच शिवला.
गिऱ्हाईक ताटकळत ठेवायची त्याला सवयच नव्हती.

माझंही जावळ त्यानंच काढलं होतं.
मामा आला नव्हता,
म्हणून आईच्या मांडीवर.
त्यानंतर माझ्या टाळूला ऊन लागलेलं नाही.
मला भोवरा एक की दोन,
उजवा की डावा,
हे एकाच माणसाला ठाऊक होतं.

रिक्षात वेणी सैल करून बोटं आत घातली
आणि नाका येईपर्यंत चाचपत राहिले.